कासाडीचे पाणी आणि झेब्रा माशाची साक्ष

पनवेल तालुक्यातील तळोजे औद्योगिक वसाहतीजवळून खाडीकडे जाणारी कासाडी नदी कशाने नासली, हे तिच्या काठच्या कोळ्याला, आगऱ्याला वा कातकऱ्याला विचारले तर उत्तर एका वाक्यात मिळते. तोच प्रश्न कारखानदाराच्या वकिलाला विचारला तर उत्तराऐवजी प्रतिप्रश्न मिळतो: पुरावा काय? नदीत सांडपाणी आले हे मान्य. पण ते याच कारखान्याचे कशावरून? त्या पाण्यात अमुक रसायन सापडले हेही मान्य. पण मासळी त्यानेच संपली कशावरून? शहराच्या गटारांनी संपली नसेल कशावरून? जिताडा मिळेनासा झाला, निवट्या दिसेनाशा झाल्या, याला अतिमासेमारी कारणीभूत नसेल कशावरून? ‘कशावरून’ या एका शब्दाच्या आधारावर या देशात किती नद्या गिळंकृत झाल्या असतील, याची मोजदाद कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली. त्यांची छायाचित्रे देशोदेशीच्या वृत्तपत्रांनी छापली, आणि वर्षानुवर्षे स्थानिक लोकांच्या अर्जांना दाद न देणारी यंत्रणा काही दिवसांत हलली. प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंग तयार करणाऱ्या एका कारखान्याला टाळे लावले. त्या कुत्र्यांनी जे केले ते नावडे, पडघे, तोंडरे, वळवली या गावांच्या शेकडो निवेदनांना साधले नव्हते. पण त्या प्रकरणातला धडा उलटा वाचायला हवा. कारवाई झाली ती विष होते म्हणून झाली नाही; त्या विषाला रंग होता म्हणून झाली. ज्या विषाला रंग नाही, वास नाही, जे पाण्यात मिसळून माशाच्या अंड्यात शिरते आणि त्याच्या हृदयाची घडण बिघडवते, त्याच्यासाठी कोणते कुत्रे निळे होणार?

याच ठिकाणी, दोन इंच लांबीही नसलेल्या एका माशाची गोष्ट श्रमिक चळवळीच्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्याजोगी आहे. जनुक-संपादन म्हटले की प्रयोगशाळेतील विद्वानांचे खेळणे किंवा बियाणे कंपन्यांचे नवे जाळे, एवढेच चित्र आपल्या चळवळीत उभे राहते. झेब्रा माशावरील जनुक-संपादनाच्या पद्धती हा विषय मात्र कासाडीच्या काठावरच्या ‘कशावरून’शी थेट भिडणारा आहे.

हा मासा परका नाही. गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत, भातखाचरांच्या कडेला, संथ उथळ पाण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या राहत आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील फ्रान्सिस हॅमिल्टन या वैद्याने १८२२ साली गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे शास्त्रीय वर्णन केले. अंगावर निळसर पट्टे, म्हणून युरोपीय शौकिनांनी त्याला झेब्रा म्हटले आणि काचेच्या पेट्यांत ठेवले. खाण्याच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. विज्ञानाच्या बाजारात मात्र तो सोन्याच्या मोलाचा ठरला, आणि ते घडवणारा मनुष्य नाझींच्या छायेतून निसटलेल्या एका हंगेरियन ज्यू कुटुंबातला होता. जॉर्ज स्ट्रायसिंगर हे त्याचे नाव. अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात त्याने हा मासा निवडला, बरीच वर्षे त्यावर चिकाटीने काम केले आणि १९८१ साली त्याचे पहिले मोठे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रयोगशाळेने आपले मासे आणि आपल्या युक्त्या मागेल त्याला दिल्या. ज्ञानावर कुंपण न घालण्याची ही रीत या माशाच्या अभ्यासकांमध्ये पुढेही बरीच टिकली, हे आजच्या पेटंटांच्या काळात मुद्दाम नोंदवायला हवे.

माशाचे मोल त्याच्या अंड्यात आहे. मादी एका वेळी शेकड्याने अंडी घालते. ती शरीराबाहेर पाण्यातच फळतात आणि आतला गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होताना दिसतात. एका दिवसात हृदय ठोके देऊ लागते. दोनतीन दिवसांत पिल्लू अंड्यातून बाहेर येते. पाचव्या दिवसापर्यंत बहुतेक अवयव आकाराला आलेले असतात. उंदराच्या पोटात जे आठवडेच्या आठवडे अंधारात घडते, ते इथे उघड्या डोळ्यांसमोर घडते. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा असे आढळले की माणसाच्या जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जोडीदार जनुक आहे. मासा म्हणजे माणूस नव्हे, हे खरेच. पण हृदय, यकृत, रक्त, मज्जातंतू कसे घडतात याची मूळ पुस्तिका दोघांनी एकाच जुन्या पूर्वजाकडून घेतली आहे.

आता पद्धतींकडे. सुरुवातीला शास्त्रज्ञ आंधळेपणाने काम करीत. रसायन देऊन नरांच्या बीजात सरसकट बिघाड घडवायचे, पुढच्या पिढ्यांत विकृत पिल्ले शोधायची आणि मग कोणते जनुक बिघडले याचा वर्षानुवर्षे माग काढायचा. जर्मनीत ट्यूबिंगेन येथे क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि अमेरिकेत बोस्टन येथे वोल्फगांग ड्रीव्हर यांच्या गटांनी या रीतीने हजारो बिघाड गोळा केले. १९९६ च्या अखेरीस एका नियतकालिकाचा अख्खा अंक त्यांनी भरून निघाला. हृदय नसलेले, रक्त नसलेले, पोहता न येणारे, रंग हरवलेले असे माशांचे हे दालन म्हणजे जीवशास्त्रातील एक मोठा सामूहिक उद्योग होता.

२००० साली दुसरी युक्ती आली. जनुकाचा निरोप पेशीत पोचण्याआधीच काही दिवस अडवून धरणारे कृत्रिम रेणू अंड्यात टोचायचे. ते स्वस्त आणि झटपट होते. म्हणून त्याचा सुकाळ झाला, आणि सुकाळाबरोबर घाईचे निष्कर्षही आले. पुढे खरे बिघाड असलेले मासे तयार करून ताडून पाहिले, तेव्हा अडवणुकीतून दिसलेले अनेक परिणाम त्यांच्यात दिसलेच नाहीत. २०१५ च्या सुमारास या क्षेत्राने स्वतःचीच झडती घेतली. दोन कारणे पुढे आली. काही परिणाम त्या टोचण्याचेच दुष्परिणाम होते. तर काही वेळा एक जनुक कायमचे बिघडले की इतर जनुके त्याचे काम अंगावर घेतात, जसे संपावरच्या कामगाराचे काम शेजारच्या खात्यातून करवून घेतले जाते. विज्ञान आपली चूक अशी चारचौघांत मांडते म्हणून त्यावर विश्वास ठेवायचा. चुका कधीच न सापडणाऱ्या पर्यावरण-अहवालांवर तो का ठेवू नये, याचे कारणही हेच.

नेमकेपणाने कात्री चालवणे जमले ते त्यानंतरच्या साधनांनी. २००८ साली झिंक-बोटे म्हणून ओळखली जाणारी प्रथिने, २०११ साली टॅलेन आणि २०१३ साली क्रिस्पर. पहिल्या दोन साधनांत प्रत्येक जनुकासाठी नवे प्रथिन घडवावे लागे. ते काम खर्चाचे आणि कसबाचे. क्रिस्परमध्ये कात्री एकच राहते, फक्त पत्ता बदलतो. जीवाणू आपल्यावर हल्ला करणाऱ्या विषाणूंना ओळखून कापतात, त्या यंत्रणेचेच हे रूप आहे. जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पाँतिए यांनी २०१२ साली ते दाखवले आणि २०२० साली त्यांना नोबेल मिळाले. माशाच्या नुकत्याच फळलेल्या, एकाच पेशीच्या अंड्यात काचेच्या बारीक सुईने दोन गोष्टी सोडायच्या: कात्रीचे प्रथिन आणि कुठे कापायचे हे सांगणारा आरएनएचा छोटा तुकडा. कात्री त्या जागी धागा तोडते, पेशी घाईघाईने तो जोडते, आणि जोडताना दोनचार अक्षरे गळतात वा जास्तीची पडतात. वाक्याचा अर्थ बिघडतो. जनुक मुके होते. त्या पहिल्या माशात काही पेशी कापलेल्या, काही शाबूत अशी सरमिसळ असते. म्हणून त्याचे वंश वाढवून दोन्हीकडून तोच बिघाड आलेला मासा मिळवावा लागतो. झेब्रा मासा तीन महिन्यांत वयात येतो. म्हणजे वर्षभराच्या आत, एका जनुकापुरते वेगळे असे माशांचे कुळ हाती असते.

याचा कासाडीशी संबंध काय, असे कोणी विचारील. डायऑक्सिनचे उदाहरण घ्यावे. कचरा जाळताना, क्लोरीनयुक्त रसायने तयार करताना हे विष निपजते. झेब्रा माशाच्या गर्भाला ते अत्यल्प मात्रेत मिळाले तरी हृदयाभोवती पाणी साचते, हृदय ताणून दोरीसारखे होते, रक्ताभिसरण मंदावते. एवढ्यावर वकील म्हणेल, पिल्लू अशक्त असेल, पाणी थंड असेल, कशावरून डायऑक्सिनच? आता ज्या ग्राही प्रथिनाला हे विष चिकटते त्याचे जनुक मुके केलेले मासे घ्यावे. त्याच पाण्यात, त्याच मात्रेत ठेवले तरी त्यांची हृदये बव्हंशी शाबूत राहतात. विष तेच, मासा तोच, फरक एका जनुकाचा. आणि इजा गायब. म्हणजे विष कोणत्या दाराने शिरले हे नावानिशी सिद्ध झाले. ‘कशावरून’ला यापेक्षा चोख उत्तर कोणत्याही न्यायालयाने आजवर मागितलेले नाही. कच्च्या तेलातील काही घटक माशांच्या हृदयाची लय कशी बिघडवतात हेही झेब्रा माशाच्या गर्भांवरील कामातून उलगडले, आणि तेलगळतीनंतरच्या नुकसानीच्या हिशेबात त्या ज्ञानाला वजन आले.

याला जोडून आणखी एक जात आहे. तिला जनुक-संपादन म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही, कारण तिच्यात जनुक कापत नाहीत, बाहेरचे जोडतात. स्त्री-संप्रेरकासारखे वागणारे रसायन पाण्यात असेल तर या माशांच्या मेंदूत हिरवा प्रकाश उमटतो. अशा माशांवरील चाचणीला आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०२१ साली आंतरराष्ट्रीय चाचणीपद्धतीत स्थान दिले. तळोज्याच्या कुत्र्यांना रंगकारखान्याने निळे केले. हे मासे रंगहीन विषाला स्वतःहून रंग देतात.

आता कायदा कुठे उभा आहे ते पाहावे. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांच्या परिशिष्टातील सर्वसाधारण मानकांत एक जैवचाचणी सांगितलेली आहे: प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात, त्यात दुसरे पाणी न मिसळता, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. या चाचणीच्या भारतीय मानकात २००१ साली झेब्रा माशाचा समावेश झाला. साक्षीदाराला न्यायालयात उभे करण्याची तरतूद अशी आधीच झालेली आहे; फक्त त्याला एकच प्रश्न विचारला जातो: तू मेलास का? चार दिवस जिवंत राहिला, तर पाणी निर्दोष. त्याची अंडी फळली का, पिल्लांची हृदये नीट ठोकतात का, पुढच्या पिढीत नर-मादीचे प्रमाण बिघडले का, हे विचारायची सोय त्या वाक्यात नाही. कामगाराला अपघातात मेला तरच भरपाई आणि फुप्फुसे झिजून दहा वर्षांनी मेला तर नशीब, या न्यायाचेच हे माशांसाठीचे भाषांतर आहे.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१३ साली मान्य केलेली झेब्रा माशाच्या गर्भाची चाचणी तरी एक पाऊल पुढे जाते. प्रत्येक मात्रेसाठी वीस अंडी घेऊन ९६ तासांत चार खुणा तपासायच्या: अंडे गोठले का, शरीराचे खंड पडले का, शेपटी पिवळ्यापासून सुटली का, हृदय ठोकते का. तिला मोठे मासे मारावे लागत नाहीत, एका टेबलावर ती मावते, आणि पदवीच्या वर्गातील विद्यार्थीही थोड्या सरावाने ती करू शकतात. युरोपात २००७ पासून लागू असलेल्या रसायन-नोंदणी कायद्याखाली, वर्षाला दहा टनांपेक्षा अधिक रसायन बाजारात आणायचे तर माशांवरील विषारीपणाची माहिती द्यावीच लागते. आपल्याकडचे रसायन युरोपला निर्यात होते, तेव्हा ऱ्हाईनच्या माशांसाठी ते माशाच्या साक्षीला उभे राहते. तेच रसायन तयार करताना उरलेला गाळ कासाडीत सोडायचा असेल, तर ‘मेलास का’ एवढे पुरते. आणि पुष्कळदा तेवढेही कोणी विचारीत नाही. साम्राज्यवाद म्हणजे केवळ तोफा आणि वखारी नव्हेत. कोणत्या नदीच्या माशाला साक्ष देण्याचा अधिकार आहे, हे ठरवण्याची सत्ता म्हणजेही साम्राज्यवाद.

प्राण्याची साक्ष दडपली की काय होते, याचे इतिहासातील सर्वांत भीषण उदाहरण जपानमधील मिनामाता हे आहे. चिस्सो कंपनीच्या सांडपाण्याने उपसागरातील मासळीत पाऱ्याचे विष साठले आणि कोळ्यांची कुटुंबे हातपाय वाकडे होऊन, दृष्टी जाऊन मरू लागली. रोगाची अधिकृत नोंद १९५६ सालची. कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मांजरांना कारखान्याचे सांडपाणी खाण्यातून दिले, आणि १९५९ साली ४०० क्रमांकाच्या मांजराला तोच रोग जडला. कंपनीने तो निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. कारण सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते १९६८ साली. मधली नऊ वर्षे पुरावा नव्हता असे नाही. पुरावा मालकाच्या कपाटात होता. भोपाळच्या बाबतीत तर पुरावा गोळा करणेच थांबवले गेले. १९८४ च्या वायुकांडानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सुरू केलेला पाठपुरावा १९९४ साली आवरता घेण्यात आला, आणि वायुपीडितांच्या पुढच्या पिढीतील व्यंगांविषयी ‘निश्चित संबंध सिद्ध नाही’ हे वाक्य ऐकवण्याची सोय झाली. ज्याने मोजणे बंद केले तोच आकडे नाहीत म्हणून सांगतो.

म्हणूनच चळवळीतील दोन आक्षेपांचा विचार करावा लागेल.

पहिला आक्षेप जुन्या अनुभवातून येतो. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यापासून विदर्भ-मराठवाड्याच्या शेतकऱ्याने बियाण्याच्या बाजारात काय सोसले, हे पाहिलेला कार्यकर्ता ‘जनुक’ हा शब्द ऐकताच सावध होतो. ती सावधगिरी सोडण्याचे कारण नाही. क्रिस्परच्या पेटंटांवरून अमेरिकेतील धनाढ्य संस्थांत वर्षानुवर्षे जे खटले चालले, ते पाहता या कात्रीची मूठ कोणाच्या हाती आहे हे उघड आहे. परंतु शेतात सोडायचे आणि दरवर्षी विकत घ्यायला लावायचे बियाणे वेगळे. प्रयोगशाळेच्या टाकीतून बाहेर न जाणारा, काहीही न विकणारा, केवळ सत्य सांगणारा मासा वेगळा. हातोडा मालकाच्या तिजोरीचे कुलूपही घडवतो आणि ते फोडूही शकतो. तंत्रज्ञानाच्या नावाला विरोध करून त्याचा उपयोग शत्रूला आंदण देणे ही समाजवादी भूमिका नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि त्याचे वजन मान्य करायलाच हवे. काठावरचा कोळी म्हणेल, पाग टाकल्यावर जाळ्यात काय येते ते मला रोज दिसते. माझ्या डोळ्यांना खोटे ठरवून आता माशाच्या जनुकांचा दाखला मागणार काय? उद्या प्रत्येक गावाला सांगतील की आधी क्रिस्परने सिद्ध करा, मग या. ही भीती काल्पनिक नाही. पुराव्याची पट्टी जितकी उंच, तितका गरीब तिच्याखाली राहतो. विज्ञान जसजसे बारीक होत जाते तसतसा ‘कशावरून’ही बारीक होत जातो. तंबाखूच्या कंपन्यांनी अर्धे शतक हाच धंदा केला.

याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही, कायद्याच्या राजकारणात आहे, आणि सुदैवाने ते या देशात अर्धे मिळालेले आहे. तमिळनाडूतील कातडी कमावण्याच्या कारखान्यांविरुद्धच्या वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सावधगिरीचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग मानले आणि सिद्ध करण्याचा भार कारखानदारावर टाकला. आपले कृत्य पर्यावरणाला निरुपद्रवी आहे हे त्याने दाखवायचे. ते उपद्रवी आहे हे गावकऱ्याने दाखवायचे नाही. या निर्णयाला इतकी वर्षे झाली. प्रत्यक्षात तळोज्यात भार अजून कोळ्याच्याच खांद्यावर आहे. तेथील सांडपाण्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले ते स्थानिक माणसांनी पदरमोड करून, नमुने भरून, तारखांना खेटे घालून नेले म्हणून. तेव्हा झेब्रा माशाची साक्ष कोणी काढायची, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. ती गावाने काढायची असेल तर ते नवे ओझे होईल. पाणी सोडण्याआधी कारखान्याने स्वतःच्या खर्चाने, पण स्वतःच्या नोकराकडून नव्हे, काढून घ्यायची असेल, तर तेच साधन उलटे फिरते. मग ‘कशावरून’ हा प्रश्न प्रथमच योग्य दिशेने विचारला जाईल: तुमचे पाणी निर्दोष आहे, कशावरून?

साक्ष घेणारे लोक दूर शोधावे लागणार नाहीत. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झेब्रा माशाच्या त्वचेची घडण अभ्यासली जाते. पुण्याच्या आयसरमध्ये याच माशाचे जनुक क्रिस्परने मुके करून मज्जातंतूंचे काम तपासले गेले आहे. आघारकर संशोधन संस्थेने त्याच्या मणक्यातील चकत्या पुन्हा कशा भरून येतात यावर काम केले आहे. या सगळ्या संस्था जनतेच्या पैशावर उभ्या आहेत. पनवेल तालुक्यातच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिच्या दारात देशभरातून आलेले गरीब रुग्ण झाडाखाली पथारी पसरून पाळीची वाट पाहतात. कर्करोगाचे कारण शोधणारे विज्ञान आणि कारण ठरू शकणारी रसायने पाण्यात सोडणारी वसाहत एकाच तालुक्यात नांदतात, आणि दोघांमधला रस्ता काही किलोमीटरचा असूनही त्यावरून कोणी चालत नाही. हा दोष शास्त्रज्ञांचा म्हणून सोडून देता येत नाही. संशोधकाला निधी मिळतो तो परदेशी नियतकालिकात निबंध छापल्यावर. कासाडीच्या पाण्याची बाटली तपासल्यावर बढती मिळत नाही. जनतेच्या पैशाने पोसलेल्या विद्येला जनतेच्या नदीचा पत्ता देणे, हे काम संघटित राजकारणाचे आहे.

साक्षीची मर्यादाही सांगून टाकावी. टाकीतला मासा गोड्या पाण्यातला. कासाडीच्या मुखाशी खारे पाणी येते, आणि भरतीच्या खाऱ्या पाण्यात झेब्रा माशाची पिल्ले विषाविनाही तग धरणार नाहीत. तिथे बोय, निवट्या, चिंबोरी यांच्यावर वेगळ्या चाचण्या लागतील. सांडपाण्यात एकच विष नसते, दहा-वीस विषांची खिचडी असते. एकेक जनुक मुके करून त्या खिचडीतील प्रत्येक घटकाचा माग काढणे हे वर्षांचे काम आहे. म्हणून रोजच्या देखरेखीसाठी साधी गर्भचाचणी, आणि जिथे ती बिघाड दाखवील तिथे कारण निश्चित करण्यासाठी जनुक-संपादित मासे, अशी दोन पायऱ्यांची रचना हवी. पहिली पायरी पनवेलमध्येच होऊ शकते, एखाद्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाच्या खोलीतही. दुसरीसाठी मुंबई-पुण्याच्या संस्थांना राज्य सरकारने तसे बंधनकारक काम आणि वेगळा निधी द्यायला हवा.

पक्षाच्या पनवेल, उरण आणि अलिबाग भागातील कार्यकर्त्यांपुढे यातून जी कामे येतात त्यांपैकी सर्वांत तातडीचे काम वैज्ञानिक नाहीच. ते नमुना भरण्याचे आहे. जगातील उत्तम चाचणी चुकीच्या वेळी भरलेल्या बाटलीपुढे निरुपयोगी ठरते. मंडळाचा अधिकारी दुपारी बारा वाजता गाडीतून उतरतो, तेव्हा नाल्यात येणारे पाणी स्वच्छच असते. मध्यरात्री, विशेषतः मुसळधार पावसात आणि उधाणाच्या भरतीला, जेव्हा पाण्याबरोबर सगळे वाहून जाईल अशी खात्री असते, तेव्हा काय सोडले जाते हे काठावरच्या माणसांना वासावरून कळते. वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्या कंत्राटी कामगारालाही ते माहीत असते. झडप कोणी, कोणाच्या हुकमाने उघडली हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पण तो बोलला तर दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याचा पास अडवला जातो. कोळ्यांच्या संस्थेचा एक आणि कामगार संघटनेचा एक असे दोन प्रतिनिधी हजर असल्याखेरीज भरलेला नमुना कायदेशीर मानू नये. नमुन्याची एक सीलबंद बाटली त्यांच्याकडे राहावी. चाचणीचा निकाल महापालिकेच्या आणि गावांच्या फलकावर मराठीत लागावा. आणि माहिती देणाऱ्या कंत्राटी कामगाराला कामावरून काढता येणार नाही अशी तरतूद मंडळाच्या परवानगीपत्रातच असावी, ही मागणी येत्या पावसाळ्याआधी लेखी स्वरूपात जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि मंडळाच्या नवी मुंबई कार्यालयात गेली पाहिजे. पहिल्या उधाणाच्या रात्री बाटली घेऊन कासाडीच्या काठावर कोण उभे राहणार, याची नावे त्याआधी ठरलेली असावीत.